ओल धरलेल्या भिंतीची वीस वर्षं

भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली की भिंत बोलते. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर रिकाम्या डब्यासारखा. हे मला एका वयस्क गवंड्यानं शिकवलं, २००४च्या जुलैत, पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या खोलीत. आदल्या दसऱ्याला आम्ही ताबा घेतला होता. पहिलाच पावसाळा, आणि बीमच्या खालच्या कडेनं सरळ आडवी भेग. तिच्याखाली हातभर ओल, आणि ओलीच्या कडेला मिठासारखा पांढरा लोणा.

गवंडी स्टुलावर चढला, छन्नीनं भेगेतला बोटभर गिलावा उडवला आणि आत बघून म्हणाला, "ताई, हितं जाळी मारलेलीच न्हाई. वर काँक्रीट, खाली ईट. दोन्ही उन्हात सारखी फुगत न्हाईत. जाळी नसंल तर गिलावा त्या सांध्यावर तुटणारच."

जाळी म्हणजे कोंबडी जाळी. साइटवर सगळे तिला याच नावानं ओळखतात. बारीक तारेची, षटकोनी छिद्रांची. बीम आणि विटांच्या सांध्यावर ती खिळ्यांनी ताणून ठोकायची आणि मग गिलाव्याचा पहिला हात मारायचा. एवढ्या मोठ्या इमारतीच्या खर्चात तिचा खर्च कुठे दिसतही नाही. एका खोलीपुरतं एका माणसाचं तासा-दोन तासांचं काम. ते कुणीतरी केलं नाही, कुणीतरी पाहिलं नाही, आणि कुणीतरी 'काम पूर्ण' म्हणून सही केली.

मी त्या वेळी सोसायटीची सेक्रेटरी होते. त्या भिंतीची फाइल अजून माझ्याकडे आहे. तिच्या शेजारी आता दुसरी फाइल आली आहे, मुलीच्या फ्लॅटची. पहिल्या फाइलमध्ये २००४ ते २००८, दुसरीत २०२० ते २०२३. दोन्हींत भेग तीच, कारणही तेच. मधल्या काळात कायदा मात्र बराच पुढे गेला. तो नेमका किती पुढे गेला आणि कुठे अडला, हे या दोन फाइली शेजारी ठेवल्यावर मला नीट कळलं.

पहिल्या फाइलमधलं पहिलं पत्र ऑगस्ट २००४चं आहे. बिल्डर स्वतः येऊन गेला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, नवी इमारत आहे, एक-दोन पावसाळे घेतेच. माणूस पाठवतो." माणूस दिवाळीनंतर आला. हातात पुट्टीचा डबा आणि पत्रा. त्यानं भेग बुजवली, वरून रंगाचा हात मारला, आणि भिंत पुढच्या जूनपर्यंत सुंदर दिसली. २००५च्या पावसात भेग तिथेच उघडली. पुन्हा पत्र, पुन्हा माणूस, पुन्हा पुट्टी. २००६ला तेच. तोवर आमच्याच नव्हे, त्या बाजूच्या सगळ्या मजल्यांवर तीच आडवी रेघ उमटली होती.

२००७च्या जानेवारीत आम्ही चौघेजण एका वकिलांकडे गेलो. त्यांनी ताब्याची तारीख विचारली, बोटं मोजली आणि फाइल मिटली. तीन वर्षं तीन महिन्यांपूर्वीच संपली होती.

१९६३चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्याचं सातवं कलम मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. वाचून वाईट वाटलं, कारण त्यात आम्हाला हवं ते जवळजवळ सगळं होतं. ताब्यापासून तीन वर्षांत बांधकामातला किंवा मालातला दोष बिल्डरच्या नजरेला आणला, तर शक्य असेल तिथे त्यानं तो पदरचा खर्च करून दुरुस्त करायचा. दुरुस्ती शक्य नसेल तर वाजवी भरपाई द्यायची. आणि दोष आहे की नाही, तो दुरुस्त होण्यासारखा आहे की नाही, यावर वाद झाला, तर तो अधीक्षक अभियंत्याहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे न्यायचा. तोसुद्धा त्याच तीन वर्षांच्या आत.

हे कलम लिहिणाऱ्याला बांधकाम कळत होतं असं मला वाटतं. भिंतीचा वाद वकिली युक्तिवादानं सुटत नाही, भिंत ठोकून बघणारा माणूस लागतो, हे त्यानं ओळखलं होतं. पण त्याच कलमात आमच्यासारख्यांचा घात होता. दोष नजरेला आणायची मुदत आणि वाद पुढे न्यायची मुदत एकच. बिल्डरनं गोड बोलून दर दिवाळीला एक पुट्टीवाला पाठवला की तीन वर्षं आपोआप सरतात. आमचा बिल्डर हे ठरवून करत होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

वकिलांनी ग्राहक मंचाचाही रस्ता सांगितला. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' म्हणून १९९३च्या दुरुस्तीनं आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही सेवाच आहे आणि सरकारी प्राधिकरणसुद्धा तिच्यातल्या उणिवांना जबाबदार आहे, असा निर्णय दिला. देशभरातल्या घरमालकांना त्या निकालानं केवढा आधार दिला, हे त्या पिढीच्या ग्राहक चळवळीतल्या कुणालाही विचारावं. मंच उणीव दूर करण्याचा आदेश देऊ शकत होता, आणि आदेश न पाळणाऱ्याला कलम २७ खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद होती. पण इथेही दोन वर्षांची मुदत होती. आमच्याकडे ती ओलांडली गेली होती की दोष चालूच असल्यानं मुदतीत होतो, यावर वकिलांनी दोन्ही बाजू समजावल्या. सभासदांनी हात टेकले. २००८च्या उन्हाळ्यात प्रत्येक फ्लॅटमागे अठरा हजार रुपये गोळा करून आम्ही ती बाजू स्वतःच करून घेतली. परांची बांधली, सगळा गिलावा उतरवला, जाळी मारली, दोन हातांचा नवा गिलावा केला, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. ती भिंत आजही कोरडी आहे.

मधली दहा वर्षं मी लवकर सांगून टाकते. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१४ उजाडलं, आणि तो अंगात येण्याआधीच केंद्राचा २०१६चा स्थावर संपदा कायदा आला. त्याच्या कलम ९२नं राज्याचा कायदा रद्द झाला. १ मे २०१७ पासून हा केंद्राचा कायदा, म्हणजेच रेरा, पूर्णपणे लागू झाला आणि त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं महारेरा हे नाव घराघरांत पोहोचलं.

रेराचं कलम १४, पोटकलम ३, मी इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या सांगाड्यातला दोष असो, की कारागिरीतला, गुणवत्तेतला किंवा सेवांमधला, तो प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, नजरेला आणला की तीस दिवसांत, कोणताही जादा खर्च न घेता त्यानं दुरुस्त करायचा. नाही केला तर घरमालकाला भरपाई. मोफाची तीन वर्षं पाच झाली. 'कारागिरी' हा शब्द कायद्यात स्पष्टपणे आला. 'शक्य असेल तिथे' ही पळवाट गेली आणि तीस दिवसांचा आकडा आला. पुढे महारेरानं दोषदायित्वाचं कलम करारनाम्यातून वगळता किंवा बदलता येणार नाही, असंही बजावलं. २००७ साली वकिलांच्या ऑफिसातून रिकाम्या हातानं परत आलेल्या बाईला हे सगळं किती मोठं वाटलं असेल, याची कल्पना करावी.

म्हणूनच मुलीनं २०१९च्या दिवाळीत रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात ताबा घेतला, तेव्हा मी निर्धास्त होते.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीत, तिनं व्हिडिओ कॉलवर मला भिंत दाखवली. बीमच्या खालच्या कडेनं सरळ आडवी भेग. मी तिला म्हटलं, "पेरानं वाजवून बघ." फोनमधून तो रिकाम्या डब्याचा आवाज आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

या वेळी आम्ही गाफील राहिलो नाही. त्याच आठवड्यात ईमेल, फोटो, तारखा. पुट्टीवाला आला तेव्हा मुलीनं त्याच्याकडून काय केलं ते लिहून घेतलं आणि पुन्हा ईमेल केला. २०२१च्या पावसात ओल हॉलपर्यंत आली. बिल्डरच्या ऑफिसचं म्हणणं असं की तुम्ही खिडकीला ग्रिल बसवलंत, त्यामुळे भिंतीला तडा गेला. हा युक्तिवाद पुष्कळांना ऐकावा लागतो, कारण करारनाम्यात सहसा एक अट असते की घरमालकानं बांधकामात बदल केला तर दोषदायित्व संपतं. काही करारांत तर 'दोष' म्हणजे प्रवर्तकाच्या जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षामुळे झालेला दोष, अशी व्याख्याच करून ठेवलेली असते. कुणी जाणूनबुजून जाळी मारली नाही, हे घरमालकानं कसं सिद्ध करायचं? काम नीट झालेलं नाही एवढं पुरेसं असायला हवं. कायद्याच्या मूळ शब्दांत 'जाणूनबुजून' कुठेही नाही.

२०२१च्या शेवटी तिनं महारेराकडे तक्रार दाखल केली, पाच हजार रुपये शुल्क भरून. आधी सलोखा मंच. तिथे २०१८ पासून मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आणि बिल्डरांच्या संघटना यांचे प्रतिनिधी एकत्र बसून वाद मिटवायचा प्रयत्न करतात. तो उपक्रम मला मनापासून आवडतो, पण आमच्या बाबतीत समोरचं कुणी दुसऱ्या बैठकीला आलंच नाही. मग ऑनलाइन सुनावण्या. २०२३च्या सुरुवातीला आदेश आला: तीस दिवसांत दुरुस्ती करा. तीस दिवस गेले. साठ गेले. आदेश पाळला नाही म्हणून पुन्हा अर्ज.

इथे मी थांबून कायदा परत वाचला, या वेळी उलट्या बाजूनं. आदेश न पाळणाऱ्या प्रवर्तकाचं नक्की काय होतं?

कलम ६३ म्हणतं, प्राधिकरणाचा आदेश मोडला तर रोजचा दंड, तो वाढत जाऊन प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. मोठी रक्कम आहे, आणि तिचा धाकही आहे. पण ती सरकारजमा होते, भिंतीला लागत नाही. भरपाईचा आदेश झाला आणि बिल्डरनं पैसे दिले नाहीत, तर कलम ४० खाली ते महसुली थकबाकीसारखे वसूल करायचे. म्हणजे वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलदाराकडे, आणि आपण त्या टेबलांच्या मागे. अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि सगळ्यांत कडक म्हणून कलम ७: नोंदणी रद्द. रद्द झाली की प्रवर्तकाचं नाव कसूरदारांच्या यादीत, संकेतस्थळावर त्याचा फोटो, आणि इतर राज्यांच्या प्राधिकरणांना कळवणं. वाचताना वाटतं, हेच तर हवं होतं.

पण नोंदणी कशाची असते? प्रकल्पाची. माणसाची नाही, कंपनीच्या कामाची नाही, त्या एका इमारतीची. आणि भेग कधी पडते? इमारत पूर्ण झाल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, सगळे फ्लॅट विकून झाल्यावर, पहिल्या-दुसऱ्या पावसात. त्या वेळी त्या प्रकल्पाच्या नोंदणीत राहिलेलं काय असतं? घर उभं राहत असताना जो चाबूक हातात असतो, तो घर गळायला लागतं तेव्हा मोडलेला असतो. पहिल्या फाइलमध्ये मुदतीनं आमचा घात केला, दुसरीत या गोष्टीनं. मी हे पूर्ण गांभीर्यानं म्हणते: आपल्या कायद्यानं साठ वर्षांत घरमालकाला पैसे मिळवून देण्याचे चार रस्ते काढले, पण ज्यानं भिंत बिघडवली त्याला त्याच भिंतीपाशी परत आणण्याचा एकही भक्कम रस्ता काढला नाही.

त्यात भिंत बिघडवणारा माणूस कायद्याला जवळजवळ दिसतच नाही. घराच्या भिंतींतून वायर ओढायची तर परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, वायरमनचाही परवाना असतो. नळजोडणीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. आराखड्यावर आर्किटेक्टची, स्ट्रक्चरल इंजिनिअरची, सुपरवायझरची सही लागते, आणि ती सही करायला त्यांना पात्रता आणि नोंदणी लागते. आणि जो स्लॅब ओततो, विटा रचतो, गिलावा करतो, त्या बांधकाम ठेकेदाराला खासगी इमारतीत काम करायला स्वतःचा असा कुठला परवाना नाही. सरकारी कामासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची वर्गवार नोंदणी आहे, पालिकांची आहे. खासगी घरासाठी नाही. ज्याच्या हातून जाळी सुटली, त्याच्याकडून काढून घ्यायचं काय, तर काहीच नाही.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात राहतो. बाथरूम नव्यानं करून घेताना त्याचं ठेकेदाराशी वाजलं, तेव्हा तिथली पद्धत मला जवळून कळली. तिथे कंत्राटदार परवाना मंडळ १९२९ पासून आहे. ठरावीक रकमेच्या वरचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना इमारतीचा नसतो, ठेकेदाराचा असतो. तो पुढच्या प्रत्येक घरात त्याच्याबरोबर जातो. त्यासाठी त्याला हमीपत्र द्यावं लागतं, २०२३ पासून पंचवीस हजार डॉलरचं. डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाची तक्रार चार वर्षांपर्यंत, सांगाड्यातल्या लपलेल्या दोषाची दहा वर्षांपर्यंत करता येते. मंडळ ठेकेदाराला काम सुधारायची संधी देतं. वाद राहिला तर त्या धंद्यातला जाणकार येऊन काम बघतो. लवादानं निर्णय दिला आणि ठेकेदारानं तो मुदतीत पाळला नाही, तर परवाना आपोआप निलंबित होतो. वर्षभर तसंच राहिलं तर रद्द होतो. आणि हे सगळं, परवाना क्रमांक टाकला की कुणालाही बघता येतं.

पुतण्याच्या ठेकेदारानं टाइल्स उखडून सगळं पुन्हा केलं. पुतण्या मला म्हणाला, "काकू, त्याला माझ्या बाथरूमची फिकीर नव्हती. पुढच्या गिऱ्हाइकानं त्याचा नंबर टाकून बघितला तर काय दिसेल, याची होती." तिथे सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. पण शिस्तीची दोरी नेमकी कुठे बांधायची, ते तिथल्या लोकांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. परवाना काढून घेणं हे साधन आहे. भिंत पुन्हा नीट करून घेणं हे काम आहे.

सरकारी कामांत आपल्याकडे ती दोरी आहे, असं कुणी म्हणेल. आहे. दोषदायित्व कालावधी असतो, सुरक्षा ठेव अडवून ठेवतात, आणि शेवटी काळी यादी. २०१६ मध्ये मुंबईच्या ३४ रस्त्यांच्या, सुमारे ३५२ कोटींच्या कामांत निकृष्टपणा सापडला तेव्हा पालिकेनं सहा ठेकेदारांवर गुन्हे नोंदवले आणि त्यांना काळ्या यादीत टाकण्याची कारवाई केली. कामावर देखरेख ठेवायला नेमलेल्या त्रयस्थ लेखापरीक्षक संस्थांची माणसंही पकडली गेली. ज्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा तोच डोळे मिटत होता.

काळ्या यादीलाही न्यायालयांनी चौकट घालून दिली आहे, आणि ती मला योग्य वाटते. १९७४च्या एरुसियन निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे की कुणालाही त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येणार नाही. २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, कारणे दाखवा नोटिशीत काळ्या यादीचा इरादा स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. कुल्जा इंडस्ट्रीजच्या २०१३च्या निकालानं कायमची बंदी नाकारली आणि शिक्षा दोषाच्या प्रमाणात हवी असं ठरवलं. भुवनेश्वरला १० सप्टेंबर २०१७ रोजी बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळून एक जण ठार झाला आणि अकरा जखमी झाले. ओडिशा सरकारनं त्या ठेकेदाराला कायमचं काळ्या यादीत टाकलं, उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी परत आणली, पण पाच वर्षांपुरती. माणूस मेल्यावरही पाचच वर्षं का, असा राग मलाही आला होता. नंतर वाटलं, पाच वर्षांची बंदी खरोखर पाळली गेली तर ती पुष्कळ आहे. कागदावर कायमची असलेली बंदी पुष्कळदा नाव बदलून नव्या निविदेत उतरते.

ठेकेदाराची बाजूही सांगायलाच हवी. गिलाव्याचा भाव चौरस फुटावर ठरतो, बिल्डर तो घासून घासून खाली आणतो, मुख्य ठेकेदार तो आणखी कमी करून पोटठेकेदाराला देतो, आणि शेवटी नाक्यावरून आणलेला गवंडी दिवसाला जास्तीत जास्त भिंत उरकतो, कारण त्याची मजुरी तिच्यावरच आहे. पाणी टँकरचं, म्हणून क्युरिंग दोन दिवसांत आटोपतं. ताब्याची तारीख जवळ आली की गिलावा सुकण्याआधी रंगवाला येऊन उभा राहतो. त्या गवंड्याला दोष देऊन उपयोग नाही. पण ज्याच्या नावावर काम आहे, त्या ठेकेदारानं तरी दिवसाअखेर एकदा भिंतीवरून पेर फिरवावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

कुणी म्हणेल, एका ओलीसाठी एवढं? ओल ही रंगाची गोष्ट नसते. पाणी बीममधल्या सळईपर्यंत गेलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि आतून काँक्रीट फोडतो. महाडच्या काजळपुऱ्यात २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि सोळा माणसं गेली. इमारत जेमतेम दशकभराची. बिल्डर, सल्लागार, नगरपालिकेचे अधिकारी, सगळ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्याच पावसाळ्यात मुलीची भिंत पहिल्यांदा ओली झाली होती. महाडची बातमी आल्यावर तिनं मला रात्री दोन वाजता फोन केला आणि विचारलं, "आई, आमची भेग तशातली नाही ना?" ती तशातली नव्हती. पण हे तिला सांगायला बिल्डरनं कधी एक माणूस पाठवला नाही.

२०२३च्या मेमध्ये अखेर परांची बांधली गेली. रोजचा दंड लागू करावा असा अर्ज सुनावणीला लागला, आणि त्याच सुमारास बिल्डरचा नवा प्रकल्प विक्रीला निघाला होता. या दोहोंपैकी नेमकं कशामुळे ते मी सांगू शकत नाही. मी मुद्दाम जाऊन राहिले. विदर्भातून आलेला एक तरुण गवंडी होता, काम नेटकं. त्यानं सांध्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर गिलावा उतरवला, विटांमधला चुना-सिमेंटचा सैल मसाला खरवडला, काँक्रीटवर टाचे मारले, म्हणजे नव्या गिलाव्याला धरायला जागा मिळावी. मग भिंत भिजवली. जाळी ताणून ठोकताना तो म्हणाला, "काकू, पहिल्या टायमाला याच साइटवर मी होतो. जाळीचे बंडल आलेच नव्हते. सुपरवायझर म्हणे, चालवून घ्या." तीन वर्षं आम्ही ज्याच्यासाठी भांडलो ते उत्तर त्यानं खिळा तोंडात धरून सांगितलं.

आठ दिवस मुलगी ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर पाइपनं भिंतीवर पाणी मारत होती. शेजारच्या तीन फ्लॅटांचंही काम झालं, कारण त्यांनी तिच्याच अर्जाच्या प्रती जोडून आपले अर्ज दाखल केले होते. उरलेल्या मजल्यांचं झालं नाही. त्यांची पाच वर्षं २०२४च्या दिवाळीला संपली.

कामाच्या शेवटच्या दिवशी मी गवंड्याला त्याच्या ठेकेदाराचं नाव विचारलं. ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण कायद्यानं प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदणीत ठेकेदार, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात. संध्याकाळी महारेराच्या संकेतस्थळावर मुलीचा प्रकल्प उघडला, नाव होतं. मग मी त्याच परिसरातले नवे प्रकल्प एकेक करून उघडत गेले. तेच नाव आणखी तीन ठिकाणी सापडलं. एका इमारतीचा सातवा स्लॅब नुकताच पडला होता, म्हणजे गिलाव्याला अजून वेळ होता. तिन्ही ठिकाणी त्याच्या नावापुढे पत्ता लिहिलेला होता. त्यानं आधी कुठे काय बांधलं, कुठल्या भिंतीपाशी त्याला परत यावं लागलं, हे लिहायला तिथे जागाच नव्हती.